बाईंच्या बॅगेचा तिसरा कप्पा

मित्रांनो, मी एक जुनी बॅग आहे. खाकी कॅनव्हासची, खांद्याला अडकवायची, पितळी चेनची. आमदारांची बॅग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काळी, चकचकीत, नंबरचं कुलूप असलेली बॅग येत असेल, तर ती आधी बाजूला ठेवा. माझा उजवा कोपरा दोनदा फाटून शिवलेला आहे, पट्ट्यावर चहाचा डाग आहे, आणि भिजले की मला ओल्या पोत्याचा वास येतो. हे सगळं मी आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको.

तरीही माझ्याइतकी भाग्यवान बॅग अख्ख्या इंदुरात सापडणार नाही असं मला मनापासून वाटतं. का, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म राजवाड्यामागच्या एका गल्लीत, शामजींच्या दुकानात झाला. दुकान म्हणजे काय, एक शिलाई मशीन, एक स्टूल आणि भिंतीला लावलेले कापडाचे गठ्ठे. शामजी तंबू शिवायचे आणि उरलेल्या कापडाच्या बॅगा करायचे. एका सकाळी तिथं अरुंधतीबाई आल्या. त्या नुकत्याच पहिल्यांदा आमदार म्हणून निवडून आल्या होत्या. त्याआधी चोवीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता, म्हणून मराठी माणसं त्यांना 'बाई' म्हणायची आणि बाकीचं इंदूर 'मॅडमजी'.

"शामजी, एक बॅग पाहिजे. आत तीन कप्पे. पहिला मोठा, दुसरा त्याच्याहून मोठा, आणि तिसरा अगदी छोटा," बाई म्हणाल्या.

"तीसरा छोटा क्यों, मॅडमजी?"

"कारण त्यात फार काही जाणार नाही."

शामजी हसले. मग बाईंनी त्यांना कप्प्यांची गोष्ट सांगितली. बाईंचे पणजोबा होळकर दरबारच्या दफ्तरात कामाला होते. तेव्हा सरकारी कागद कापडी रुमालात बांधून ठेवत. पणजोबांचे तीन रुमाल असत. एकात नुकतेच आलेले कागद, दुसऱ्यात काम चालू असलेले आणि तिसऱ्यात काम झालेले. पण तिसऱ्या रुमालाचा नियम फार कडक. कुठं विहीर खणून झाली असं कुणी लिहून पाठवलं, तर पणजोबा घोडं काढून तिथवर जायचे, त्या विहिरीचं पाणी प्यायचे आणि परत आल्यावरच तो कागद तिसऱ्या रुमालात बांधायचे. घरात ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. घोड्याचा रंग मात्र दर वेळी बदलतो.

शामजींनी गोष्ट मन लावून ऐकली आणि तीन दिवसांनी मला तयार केलं. तिन्ही कप्प्यांवर त्यांनी लाल दोऱ्यानं अक्षरं शिवली होती, 'आले', 'चालले', 'झाले'. "चेन पीतल की डाली है, मॅडमजी. आप थक जाओगे, ये नहीं थकेगी," असं म्हणत त्यांनी मला बाईंच्या हातात दिलं. शामजींचे मी किती आभार मानू? त्यांनी मला नुसतं शिवलं नाही, काम काय करायचं तेही माझ्या अंगावर शिवून दिलं.

तिथून माझे कामाचे दिवस सुरू झाले. बाईंचं ऑफिस तुकोगंजमध्ये, त्यांच्या घराच्या खालच्या मजल्यावर आहे. तिथं रोज मुलं-मुली यायची. कुणाचा शिष्यवृत्तीचा फॉर्म अडकलेला, कुणाच्या दोन परीक्षा एकाच दिवशी आलेल्या, कुणाच्या वस्तीतलं वाचनालय संध्याकाळी पाचलाच बंद होणारं. पाचपर्यंत कामावर असलेल्या पोरानं त्या वाचनालयाचं करायचं काय? अशी सगळी पत्रं माझ्या पहिल्या कप्प्यात यायची. अधिवेशन लागलं की बाई मला खांद्याला अडकवून भोपाळला निघायच्या.

विधानसभेत मी बाईंच्या पायाशी बसायचे, त्यामुळे मला दिसायचं कमी आणि ऐकू यायचं जास्त. बाई तिथं हिंदीत बोलायच्या, मी तुम्हांला मराठीत सांगते. त्यांची पहिली गाजलेली चर्चा एका आयटीआयमधल्या लेथ मशीनवरची होती. ते मशीन दोन वर्षांपासून आलेलं होतं, पण लाकडी खोक्यातून बाहेरच काढलं नव्हतं, कारण वर्कशॉपमध्ये त्याला लागणारी विजेची लाइनच नव्हती. मुलं वहीत मशीनचं चित्र काढून पास होत होती.

सरकारकडून उत्तर आलं, "मशीन उपलब्ध आहे."

बाई उठल्या. "उपलब्ध आहे हे मीही बघून आले. चालू आहे का, एवढंच विचारते आहे."

सभागृहात हशा पिकला आणि दीड महिन्यात लाइन आली. बाई स्वतः जाऊन आल्या, मशीन फिरताना बघितलं, आणि तिथल्या पोरांनी कापलेला पहिला लोखंडी तुकडा पत्रासोबत माझ्या तिसऱ्या कप्प्यात ठेवला. तो चांगलाच टोचायचा, पण मी एकदाही कुरकुर केली नाही.

दर वर्षी खंडेनवमीला माझा मान असायचा. त्या दिवशी बाईंच्या घरी पणजोबांची तलवार, बाईंचे मिस्टर वासुदेवराव यांची जुनी दुर्बीण आणि मी अशी आमची तिघांची पूजा होते. वासुदेवराव कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले आहेत. दुर्बीण त्यांच्या विषयाची नाही, पण ती शोभून दिसते असं त्यांचं म्हणणं. मला झेंडूची माळ घालायची, मग माझा तिसरा कप्पा उघडून वर्षभरात झालेल्या कामांची पत्रं एकेक करून मोठ्यानं वाचायची आणि ट्रंकेत ठेवायची, ही घरची रीत. पहिल्या वर्षी अशी चार पत्रं निघाली. दुसऱ्या वर्षी सात. सात म्हणजे थोडीच, पण मला त्यांचा फार अभिमान वाटायचा.

तिसऱ्या वर्षी जानेवारीत एका दुपारी साडेचारला ऑफिसात एक मुलगी धापा टाकत आली. पाठीला कॉलेजची सॅक आणि हातात घडी घातलेला कागद. बाई म्हणाल्या, "बस, पाणी घे."

"नाही बाई, बसत नाही. माझी गाडी निघून जाईल," असं म्हणून तिनं कागद टेबलावर ठेवला आणि गेलीसुद्धा. प्रणव दारापर्यंत तिच्या मागे धावला, पण तोवर ती रस्ता ओलांडून पसार झाली होती. प्रणव म्हणजे बाईंचा ऑफिसातला माणूस. सोलापूरचा, नोकरीसाठी इंदुरात आलेला. बाईंच्या भाषणांना लागेल ती माहिती काढून देणं हे त्याचं काम.

त्या मुलीचं नाव पलक. तिचं पत्र मला पाठ आहे. तिनं लिहिलं होतं, "बाई, मी मानपुरहून रोज इंदूरला बी.एस्सी.ला येते. आमचं प्रॅक्टिकल साडेपाचला सुटतं. मानपुरात थांबणारी शेवटची गाडी पाचला निघते. नंतरच्या लांबच्या गाड्या हायवेच्या पुलावरून सरळ निघून जातात, खाली गावात थांबत नाहीत. म्हणून मी रोज अर्धं प्रॅक्टिकल सोडून पळते. माझं टायट्रेशन आजपर्यंत एकदाही पूर्ण नाही झालं. सगळ्यांच्या फ्लास्कमध्ये पाणी गुलाबी होतं, माझ्या नाही होत, कारण तेव्हा मी बस स्टँडवर असते. मला एकदा तो रंग बदलताना बघायचा आहे. आमच्या गाडीत अशा अजून पाच मुली आहेत."

टायट्रेशन म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नाही. वासुदेवरावांनी बाईंना समजावून सांगितलं. वरच्या नळीतून थेंब थेंब सोडत राहायचं. बराच वेळ काहीच होत नाही. मग एक थेंब असा पडतो की सगळं पाणी एकदम गुलाबी होतं. "त्या एका थेंबासाठी तर बसायचं असतं ना, अरुंधती," वासुदेवराव म्हणाले. "पोरगी नेमकी त्याच्या आधी उठते."

मार्चमध्ये शिक्षण खात्याच्या खर्चावर चर्चा होती. प्रणवनं बारा पानांचं भाषण तयार केलं होतं, आकडेच आकडे. बाईंची पाळी शेवटी आली आणि अध्यक्षांनी पाचच मिनिटं दिली. बाईंनी बारा पानं मला परत दिली आणि दुसऱ्या कप्प्यातून पलकचं पत्र काढलं.

त्यांनी ते पूर्ण वाचून दाखवलं. मध्येच समोरून कुणीतरी ओरडलं, "मॅडमजी, मानपुर आपके क्षेत्र में नहीं आता!"

"मुलगी नाही येत," बाई शांतपणे म्हणाल्या, "पण कॉलेज येतं. आपण कॉलेजं बांधतो, जागा वाढवतो आणि संधी दिली म्हणून सांगतो. ज्या मुलीला साडेपाचनंतर घरी जायला गाडी नाही, तिला आपण अर्धीच संधी दिली. अध्यक्षजी, माझी मागणी मोठी नाही. सहा मुलींना पाण्याचा रंग बदललेला बघू द्या."

मंत्री उठले आणि म्हणाले की नव्या सत्रापासून, म्हणजे जुलैपासून, मानपुरसाठी संध्याकाळी सहाची गाडी सुरू करू. दोन्ही बाजूंनी बाकं वाजली. मी बाईंच्या पायाशी होते, तरी त्या आवाजानं माझ्या चेनीसुद्धा थरथरल्या. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मी फुलून गेले होते.

आता पुढचं सांगायला मला जड जातंय, पण सांगायलाच हवं.

एप्रिलमध्ये लालबागच्या मैदानावर मराठी मंडळींची जत्रा भरली होती. तिथं बाईंचा सत्कार ठेवला होता. भाषणाचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला होता. लोक येऊन बाईंच्या पाया पडत होते, एक गृहस्थ "क्या बोले मॅडमजी, क्या बोले!" एवढंच पुन्हापुन्हा म्हणत होते. बाई बोलायला उभ्या राहिल्या, त्यांनी माझ्या दुसऱ्या कप्प्यातून पलकचं पत्र काढून उंच धरून दाखवलं आणि टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. त्यात शाल आली, श्रीफळ आलं, फोटोवाले आले. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात पत्र. घाईघाईत बाईंनी ते पत्र माझ्यात ठेवलं.

तिसऱ्या कप्प्यात.

चुकून ठेवलं असतं तर वेगळं. पण मी बाईंचा चेहरा बघितला होता. त्यांना त्या क्षणी खरंच वाटलं होतं की हे काम झालं. आणि मलाही तसंच वाटलं, हे मी कबूल करते. टाळ्याच तेवढ्या होत्या.

त्याच सत्कारात बाईंना एक नवी बॅग भेट मिळाली. काळी, चामड्याची, चकचकीत. आत कप्पा एकच, पण झाकणावर बाईंचं नाव सोनेरी अक्षरांत. मंडळींचं मन मोडू नये म्हणून बाई ती वापरू लागल्या. माझ्या पहिल्या-दुसऱ्या कप्प्यातले कागद प्रणवनं तिच्यात भरले. तिसऱ्या कप्प्याला कुणी हात लावत नाही, तो खंडेनवमीला उघडायचा. मला आहे तशी उचलून ऑफिसातल्या कपाटावर ठेवलं.

कपाटावर धूळ बसते, पाली फिरतात, आणि खाली चाललेलं सगळं ऐकू येतं. मला टाकल्याचं दुःख होतंच, ते लपवत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट माझ्या पोटात होती. जून संपला, जुलै लागला. गाडी सुरू झाल्याचं कुणी बोललं नाही. एक दिवस प्रणव म्हणाला, "मॅडम, ते मानपुरचं पत्र दिसत नाहीये. जरा फोन करून विचारतो, गाडी लागली का."

बाई दुसऱ्या कुठल्या कागदावर सही करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ते झालं रे. झालेल्या कप्प्यात आहे."

ज्या बाईंनी 'उपलब्ध आहे' आणि 'चालू आहे' यातला फरक भर सभागृहात शिकवला, त्याच हे बोलल्या. मला ओरडावंसं वाटत होतं. माझ्याजवळ ओरडायला काय होतं? सहा महिने मी ते पत्र पोटाशी धरून वर पडून राहिले, आणि माझ्या अंगावरचं 'झाले' रोज खोटं ठरत होतं.

ऑक्टोबरमध्ये खंडेनवमी आली. वासुदेवराव खुर्चीवर चढले आणि त्यांनी मला खाली काढलं. "नव्या बॅगेची पूजा करूया ना," कुणीतरी सुचवलं. वासुदेवराव म्हणाले, "तिनं अजून काय काम केलंय? आधी काम, मग माळ." असं म्हणून त्यांनी ओल्या फडक्यानं मला पुसलं. त्या फडक्याचा थंडावा मला अजून आठवतो. मग तलवार, दुर्बीण आणि मी, असे आम्ही जुने तिघं पाटावर बसलो. झेंडू वाहिले, उदबत्ती लागली, आणि वासुदेवरावांनी तिसरा कप्पा उघडला.

दोन पत्रं वाचून झाली. तिसरं पलकचं निघालं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "मग, बघितला का तिनं गुलाबी रंग?"

"मंत्रीजी बोलले ना, जुलैपासून गाडी," बाई म्हणाल्या.

"ते बोलले ते मीही ऐकलं. गाडी लागली का?"

प्रणवनं पत्रावरचा नंबर लावला आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. पलकच होती.

"बाई, नमस्ते! दसऱ्याच्या शुभेच्छा!" ती आनंदानं म्हणाली. मग बाईंनी गाडीचं विचारलं. "गाडी तर नाही लागली, बाई. ऑगस्टपर्यंत वाट पाहिली. मग पप्पा बोलले, असं रोज अर्धं सोडून कसं चालणार. अब मैंने आर्ट्स का फॉर्म भर दिया. त्यात प्रॅक्टिकल नसतं ना."

"अगं, मग मला कळवलं का नाहीस?" बाईंनी विचारलं.

"सगळे बोलत होते, काम हो गया, टीव्हीवर पण आलं. मला वाटलं, परत लिहिलं तर तुम्हांला वाईट वाटेल. तुम्ही एवढं चांगलं बोललात, बाई. आमच्यासाठी कोण बोलतं?"

फोन ठेवल्यावर बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यांनी ते पुसलंही नाही. वासुदेवराव एरवी थट्टा केल्याशिवाय राहत नाहीत, पण त्या दिवशी ते फक्त एवढंच म्हणाले, "अरुंधती, पणजोबा घोडं काढून जायचे. आपल्याकडे तर मोटार आहे."

दुसऱ्या दिवशी दसरा होता. बाईंनी मला खांद्याला अडकवलं, नव्या बॅगेकडे बघितलंही नाही, आणि आम्ही मानपुरला गेलो. हायवेच्या कडेला पलकच्या वडिलांचं, संजीवरावांचं, टायर दुरुस्तीचं दुकान आहे. ते हात पुसत उठले, त्यांची धांदल उडाली, खुर्ची कुठं ठेवू नि काय करू असं त्यांना झालं. पलक सोनं द्यायला आपट्याची पानं घेऊन आली.

बाईंनी पानं घेतली आणि उभ्यानंच म्हणाल्या, "पलक, माझी चूक झाली. मी तुझं पत्र झालेल्यात ठेवून दिलं. तुझं वर्ष माझ्यामुळे गेलं."

"अरे नहीं नहीं, मॅडमजी, आप क्या बोल रहे हो," संजीवराव मध्येच म्हणाले. पण पलक गप्प होती. आणि मला तिचं ते गप्प राहणं बरोबर वाटलं. वर्ष तिचं गेलं होतं.

बाईंनी तिच्यासमोर माझा तिसरा कप्पा उघडला, पत्र काढलं आणि दुसऱ्या कप्प्यात, 'चालले' मध्ये ठेवलं. "आता हे पत्र तिसऱ्या कप्प्यात मी टाकणार नाही," त्या म्हणाल्या. "तू टाकशील. तुला वाटेल तेव्हा."

पलकनं मान हलवली. मग हळूच विचारलं, "सायन्समध्ये परत घेतील, बाई?"

"ते मी बघते. तू अभ्यास सोडू नको."

डिसेंबरच्या अधिवेशनात तरुणांना मिळणाऱ्या संधींवर चर्चा लागली. बाई उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या हातात एकही कागद नव्हता. "अध्यक्षजी, आधी मला माझीच तक्रार नोंदवायची आहे," त्यांनी सुरुवात केली. समोरून कुणीतरी हसून म्हणालं, "मॅडमजी, अपनी ही शिकायत?" "होय," बाई म्हणाल्या, "कारण सरकारनं शब्द दिला आणि मी हार घालून घेतले. सरकार विसरलं असेल, पण मी विसरायला नको होतं. आपण सगळेच इथं टाळ्या वाजल्या की काम झालं असं समजतो. ती मुलगी बस स्टँडवर टाळ्या ऐकत उभी होती आणि गाडी नव्हती."

मी तेव्हा त्यांच्या पायाशी होते. आधीच्या भाषणाला बाकं वाजली होती, या वेळी वाजली नाहीत. पण कुणी मध्ये बोललंही नाही. बाईंनी मागणी केली की विद्यार्थ्यांसाठी दिलेला शब्द पूर्ण झाला की नाही, हे विद्यार्थ्यांना विचारूनच लिहावं. त्यावर विचार करू असं उत्तर आलं. तो कागद अजून माझ्या दुसऱ्या कप्प्यात आहे, तिथं त्याला सोबत भरपूर आहे. गाडीबद्दल मात्र बाई बसल्याच नाहीत. "'जुलैपासून' नको, 'लवकरच' नको, तारीख सांगा," असं म्हणत उभ्या राहिल्या. शेवटी तारीख मिळाली, फेब्रुवारीचा पहिला सोमवार.

त्या सोमवारी सहा वाजता आम्ही बस स्टँडवर होतो. गाडी वीस मिनिटं उशिरा आली. तेवढ्या वेळात प्रणवनं चार वेळा घड्याळ बघितलं आणि बाईंनी माझा पट्टा पिळून काढला. पण गाडी आली, पाटीवर 'मानपुर' लिहिलेली. तिच्यात पाच मुली चढल्या. सहावी नव्हती, हे बाईंनीही मोजलं आणि मीही. बाई त्या गाडीनं मानपुरपर्यंत गेल्या. गाडी पुलावरून सरळ न जाता खाली उतरली, तेव्हा एक मुलगी जोरात हसली, बहुतेक विश्वास बसला नसेल.

खाली थांब्यावर पलक उभी होती. दिव्याच्या उजेडात तिनं पाटी वाचली आणि म्हणाली, "आली की, बाई!" बाईंनी पत्र तिच्यासमोर धरलं. पण तिनं हात मागे घेतला. "अभी नहीं. गाडी आली, पण मी कुठं चढले?"

मला तिचं फार कौतुक वाटलं. पणजोबा असते तर त्यांनी तिला दफ्तरातच नोकरीला ठेवलं असतं.

जुलैमध्ये पलकला पुन्हा सायन्सला प्रवेश मिळाला. त्यासाठी बाईंनी विद्यापीठाच्या किती पायऱ्या झिजवल्या ते माझ्या तळाला विचारा. गेलेलं वर्ष मात्र परत आलं नाही. तिच्या बरोबरीच्या मैत्रिणी पुढच्या वर्गात गेल्या होत्या. बाई हे कधी विसरत नाहीत, आणि विसरू नये असं मलाही वाटतं.

मित्रांनो, आता मी थकले आहे. शामजी म्हणाले होते की चेन थकणार नाही, आणि ती खरंच थकलेली नाही, पण कापड विरत चाललंय. तरी बाई मलाच घेऊन जातात. चामड्याच्या बॅगेत आता वासुदेवराव बुद्धिबळाचा पट ठेवतात. मला शिवणाऱ्याचे, पुसणाऱ्याचे, खांद्यावर वाहणाऱ्या बाईंचे आणि माझ्यात विश्वासानं कागद टाकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीचे माझ्यावर उपकार आहेत. माझी तुमच्याकडे एवढीच विनंती आहे. तुमच्याही दप्तराला कप्पे असतील. जुन्या वस्तूंना जपा, ते कप्पे अधूनमधून उघडून बघा, आणि कुणाचं काम हातात घेतलं असेल तर ते झालं असं स्वतःच ठरवून चेन लावू नका. ज्याचं काम त्याला एकदा विचारा.

या वर्षीच्या खंडेनवमीला कॉलेज बंद होतं, तरी पलक मुद्दाम इंदूरला आली. तिनं तिचं प्रॅक्टिकलचं जर्नल माझ्याशेजारी पाटावर पूजेला ठेवलं. टायट्रेशनच्या पानावर लाल शाईत सही होती आणि कोपऱ्यात गुलाबी डाग पडला होता. वासुदेवरावांनी तो डाग दुर्बिणीतून बघितला, तोही उलट्या बाजूनं. आम्ही सगळे हसलो. मग पलकनं स्वतःचं पत्र स्वतः वाचलं. "एकदा तो रंग बदलताना बघायचा आहे," इथं आल्यावर तिनं जर्नलमधल्या त्या गुलाबी डागावर बोट ठेवलं. मग तिनं कागदाची घडी घातली, माझा तिसरा कप्पा उघडला आणि आपल्या हातानं तो आत ठेवला. इतकी वर्षं मी कागद वाहते आहे, पण एवढं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

नंतर सगळे पोहे खायला बसले. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले आणि बाई सवयीनं घाईघाईनं उठल्या. "पलक, ऊठ ऊठ, तुझी गाडी चुकेल."

पलक उठली नाही. तिनं बशी पुढे केली.

"थांबते ना, बाई. पोहे घाला अजून थोडे. माझी गाडी सहाची आहे."